तेरा ठोकळ्यांची प्रभावळ

बंदी आली त्या साली
चाळीस शीट थर्माकोल पडून होतं माझ्याकडं
गंगावेशीत, जिन्याखालच्या खोलीत.
पुढं त्याचं काय केलं ते विचारू नका.
बावीस वर्षं मखरं केली.
तापली तार पांढऱ्यात शिरायची, आवाज नाही,
नुसता वास,
आणि केसांत दाणे. झटकले की हाताला,
हात झटकला की परत केसांत.
आता फ्लेक्सचं दुकान आहे.
भावी नगरसेवकांचे दात पांढरे करून देतो.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या म्हणाला, "काका, बसा की जरा."
प्रज्योतच्या कॉम्प्युटरात गवत चौकोनी, गाय चौकोनी,
ढगसुद्धा कुणीतरी पट्टी लावून कापलेले.
"काय बी बांधा. ठोकळे संपत न्हाईत."
मी तरी सवयीनं आधी हिशेब केला,
किती लागतील, वाया किती जातील.
पोरगं हसलं.

दोन खांब उभे केले. वर आडवी तुळई.
त्यानं खोडी म्हणून एका खांबाचा बुडखा फोडला.
खांब तसाच. तुळई तशीच. अधांतरी,
पडायचं असतं हे कुणी सांगितलंच नसल्यागत.
"हितं काय पडत न्हाई, काका. वाळू सोडली तर."
मला ते आवडलं नाही.
बुडखा परत बसवला.
"कशाला?"
"असू दे."

मग प्रभावळ.
तारेनं मी गोल एका दमात काढायचो,
श्वास धरून, मनगट न हलवता, खांद्यातून.
इथं गोल नाहीच. कोपरेच कोपरे.
चारदा बांधली.
एकदा पेटी झाली, एकदा मडकं,
एकदा तर दाढदुखीनं सुजलेला गाल.
शेवटी त्यानं गणिताच्या वहीतलं पान फाडलं,
चौकटी भरल्या:
वर पाच, मग दोन, मग उभे दोन, मग पाच.
असंच चारी अंगांनी. तेरा रुंद, तेरा उंच.
ठोकळे सोन्याचे. अख्ख्या सोन्याचे!
जन्मभर मी फेविकॉलवर चमकी टाकली.

"जवळनं बघू नका. मागं या."
मागं. अजून मागं. ओढ्यापल्याड.
आणि तिथून, पायरी पायरीनं चढणारं ते
हळूच वळलं.

"मधी काय ठेवायचं?"
म्हटलं, काही नको.
मग तिथली रात्र सरली
आणि त्या मोकळ्या जागेतून सूर्य वर आला,
तोही चौकोनी, बिचारा.
प्रज्योत म्हणाला, "नाद खुळा!"
मी चष्मा पुसला. काचेवर काही नव्हतं.

"हितला दिवस वीस मिन्टांचा."
"म्हंजे दहा दिवस?"
"तीन तास वीस मिन्टं."
"दहा दिवसांनी काय होतं?"
"काय न्हाई. ऱ्हातंय."
"कवापर्यंत?"
त्यानं खांदे उडवले आणि झोपायला गेला.

राहणाऱ्या वस्तूचं काय करायचं
ते मला कधी शिकवलं नाही कुणी.

दीड वाजता मोजायला बसलो.
सूर्य आला, गेला. आला, गेला.
सहाव्या दिवशी तिथं पाऊस पडला; सोनं भिजलं नाही.
खाली दूधकट्ट्यावर पहिल्या म्हशी आल्या,
कुणीतरी बादली आपटली,
पाचला दहा कमी होते.
दहावा दिवस मावळत होता.

आम्ही नेहमी वरून उतरवायचो.
आधी प्रभावळ, मग तुळई, मग खांब,
बुडखे सगळ्यांत शेवटी.
बुडख्यांखालचं गवत मेलं होतं.
मांडव काढल्यावर मैदानात दिसते तशीच
दोन चौकोन माती.

सकाळी चहात खारी बुडवता बुडवता
प्रज्योत पडद्याकडं बघत राहिला.
खारी तुटून कपात पडली.
"दहा दिवस झाले," मी म्हटलं.
वाटलं, आता चिडेल.
तो त्या मातीकडं बघत म्हणाला,
"सांगायचं हुतं की, काका.
मी बी आलो असतो."